गोल रेघ, उभी रेघ, आडवी रेघ

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्या या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायला बसते तेव्हा दर वेळी त्यांच्या शाळेपासून, त्या शिकवत त्या गणितापासून सुरुवात करायचं ठरवते. पण हात दवाखान्यातल्या त्या दुपारकडेच वळतो. तेव्हा तिथूनच लिहिते.

आमच्या तेलुगू राज्याची दोन राज्यं होत होती ती वर्षं. मी एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात होते. कपाटं, पंखे, माणसं, सगळ्यांची वाटणी चाललेली. चहाला बसलं की ‘तुम्ही इकडे का तिकडे’ याखेरीज बोलणं नसे. त्याच सुमारास माझा नवरा लांबलेल्या आजारपणानंतर गेला. त्याला उठवता-बसवता, आणि मग जेवणावरची वासनाच उडून, माझं अंग उतरलं. बाई बारीक झाली म्हणतात तशी मी झाले नाही. मी रिकामी झाले. छातीचं मांस गेलं आणि कातडी राहिली, ती खाली लोंबायला लागली. घडीखाली घाम साचे, कातडी सोलवटे, भाजल्यासारखं चुरचुरे. नवऱ्याच्या जुन्या, मऊ पडलेल्या पंच्यांच्या पट्ट्या फाडून मी दोन्हीकडे खाली घालत असे आणि तशीच कामावर जात असे. मलमं झाली, पावडरी झाल्या. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, घडी आहे तोवर हे परत परत येणार. छाती वर उचलून घेण्याची शस्त्रक्रिया असते, एकदा विचारून तरी पाहा.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात वर करता येणार नव्हते. जवळ कुणी राहायला हवं होतं, आणि मला मूलबाळ नाही. म्हणून अंबरपेठेला जाऊन वन्संना सांगावं लागलं. त्या तिथे एकट्याच राहत. लग्न केलंच नव्हतं.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“कायकू?” त्या म्हणाल्या. राग आला की त्यांच्या मराठीत असं इथल्या उर्दूतलं बोलणं उतरे.

“त्रास होतो, वन्सं.”

“त्रासाला पावडर असते. छाती वर करून घ्यायची ती कुणासाठी? माझा भाऊ तर गेला.”

हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. फक्त त्या सोलवटलेल्या कातडीसाठी, की आरशात दिसणारी ती अनोळखी बाई मला नको होती, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

“दवाखान्यात मात्र मी येणार,” त्या म्हणाल्या. “तू पुस्तकातली बाई. मान डोलावून सगळ्याला हो म्हणशील.”

दवाखाना हिमायतनगरला होता. सर्जनबाई तरुण होत्या, तेलुगू. आमच्याशी उर्दूत बोलत. मी पर्समधून माझा मापाचा ब्लाउज काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. शिंप्याकडे जाताना नेतो तसाच नेला होता मी. जन्मात कुणी माझ्या अंगाला टेप लावली नव्हती; एक चांगला बसलेला ब्लाउज असतो, तोच द्यायचा आणि ‘याच्यासारखं’ म्हणायचं.

“पूर्वी असं होतं,” मी म्हटलं.

बाईंनी तो ब्लाउज उचलून पाहिला. “अम्मा, मी नमुन्यावरून शिवत नाही. तुमच्याकडे जेवढं कापड उरलंय त्यातच बसवते.”

वन्संनी पदर तोंडाशी धरला, तरी हसू फुटलंच. भाऊ गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

बाईंनी गळ्याच्या खळगीपासून खाली टेप लावून माप घेतलं आणि कागदावर तीन चित्रं काढली. पहिल्यात स्तनाग्राभोवती नुसती गोल रेघ. दुसऱ्यात गोल रेघ आणि तिच्यापासून खाली एक उभी. तिसऱ्यात या दोन्ही आणि खालच्या घडीतून जाणारी आडवी रेघ. जिथे रेघ तिथे छेद, आणि जिथे छेद तिथे व्रण.

“गोल रेघेनं थोडं सैल झालेलं आवळता येतं,” त्या म्हणाल्या. “तुमचं तेवढ्यानं भागणार नाही. घडी तशीच राहील. उभीनं आकार येईल, पण खालची सगळी कातडी निघणार नाही. तिसरीनं ती निघते, आणि व्रण सगळ्यांत मोठा राहतो. वरचा भाग भरून हवा असेल तर आत सिलिकॉनची पिशवी बसवावी लागेल.”

“पिशवी नको,” मी म्हटलं. एवढं एक मला लगेच ठरवता आलं.

“व्रण जातो?” वन्संनी विचारलं.

“फिका होतो. जात नाही. आणि वयानं पुन्हा थोडं उतरतंच. काही बायकांना तिथलं स्पर्शाचं कळणंही कमी होतं.”

“आणि साखर असेल तर?”

“यांना आहे?”

“नाही, मला आहे. सहज विचारलं.”

“तर जखम भरायला त्रास होतो. आधी साखर ताब्यात आणायची, मग बघायचं.”

डॉक्टर दिसला की आपलंही एखादं दुखणं विचारून घ्यायचं, तसंच हे, असं मला वाटलं.

रिक्षात बसताच त्यांनी सुरुवात केली. “गोल रेघ घे. कुणाला कळणार नाही.”

“ती कामाची नाही असं त्या म्हणाल्या ना. आणि कळायला पाहणार कोण आहे, वन्सं?”

“मेल्यावर आंघोळ घालतात त्या बायका पाहतील. छातीवर एवढी शिवण दिसली तर म्हणतील, नवरा गेल्यावर हिनं हे काय करून घेतलं! मला विचारतील. मी काय सांगू?”

“तुम्ही माझ्याहून मोठ्या. माझी आंघोळ तुमच्या वाट्याला कशी येईल?”

“यमाकडे रांग नसते, भावजयबाई.”

त्या चिडल्या होत्या, पण नुसता राग नव्हता तो. खरोखरच त्या कुठल्यातरी बंद दाराआडच्या बायकांना घाबरत होत्या. मग मीही घाबरले. घरी आल्यावर बरेच दिवस मी गोल रेघेचाच विचार केला. ती निवडली तर वन्सं राहायला येतील, कुणी काही म्हणणार नाही, आणि मी पट्ट्या घालत राहीन. एकदा न्हाणीघरात काजळाची कांडी घेऊन मी ती आडवी रेघ स्वतःवर ओढून पाहिली. कांडी टेकली आणि कळ आली. जिथे व्रण येणार होता तिथे जखम आधीपासूनच होती.

मी वन्संना फोन करून सांगितलं, “तिसरी.”

“हौली झालीस तू, पार वेडी,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “माझ्या गोळ्यांचा डबा आणि दोन लुगडी घेऊन येते. तुझ्याकडची उशी मला चालत नाही, तीही आणते.”

शस्त्रक्रिया झाली आणि त्या राहिल्या. माझी वेणी घातली, मला भरवलं, आणि पूर्ण वेळ कुरकुरत राहिल्या. पट्टी निघाली तेव्हा चष्मा लावून, वही तपासावी तसं त्यांनी पाहिलं.

“आता चुरचुरत नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

“रेघ सरळ काढलीय पोरीनं,” एवढंच बोलल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “ते जुने पंचे आता तुला लागायचे नाहीत. भावाचे आहेत, मला दे.” मी घडी घालून दिले. आठवण म्हणून मागताहेत असं समजले.

या उन्हाळ्यात त्यांची आंघोळ माझ्या वाट्याला आली. शेजारच्या दोघीजणी मदतीला होत्या. दार लावलं, ब्लाउज सोडला. छातीखाली दोन्हीकडे पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांना पंच्याचा लाल काठ होता. त्यांच्याखाली कातडी काळी पडलेली होती, जागोजागी ओली. वर्षानुवर्षांची असावी.

“अगंबाई, हे काय?” एकीनं विचारलं.

“घाम,” मी म्हटलं. “उन्हाळा आहे.”

पाणी घालून झाल्यावर ती जागा मी हलक्या हातानं टिपून कोरडी केली. मग पावडरीचा डबा मागितला.

“आता कशाला?” दुसरी म्हणाली.

“असू दे,” मी म्हटलं. कपाटातून कोरडा पंचा काढला, दोन पट्ट्या फाडल्या आणि दोन्हीकडे नीट बसवल्या.