भिंतीवर कोणती बाई काढायची?

कळंबजवळच्या आमच्या गावात एकदा दूध सोसायटीच्या भिंतीवरून चांगलंच वाजलं होतं… ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथं नुकतीच क्लार्क म्हणून लागले होते.

दुष्काळानं शेती बसली, तेव्हा म्हशींनीच घरं तगवली. अशात गुरांची पेंड विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं आमच्या भिंतीवर जाहिरात रंगवून घेतली. खुर्चीत मिशीवाला मालक, अन् खाली बसून त्याला दुधाचा पेला देणारी बायको…

सकाळी दूध घालायला आलेल्या बायका तिथंच थबकल्या. "वैरण आमी आणायची, शेण आमी काढायचं, अन् खुर्चीत ह्यो व्हय?" भीमनगरातल्या सुशीलाबाई कडाडल्या. संचालक मंडळात त्या एकट्याच बाई. त्यांनी ठरावच करून घेतला… बायकांना कमी लेखणारं चित्र भिंतीवर नको.

चित्र पुसलं. पेंटरनं नवं काढलं… हातात विळा, डोक्यावर वैरणीचा भारा, ताठ मानेची बाई. सुशीलाबाई खूश. मलाही ते फार आवडलं.

पण रोज दूध घालायला येणाऱ्या साठीच्या गयामावशींचा चेहरा उतरला. "भारा वाहून मान मोडली माझी. भिंतीवर बी तेच? ह्यो बी अपमानच हाय की."

"मावशी, कष्टाची लाज कसली?" सुशीलाबाई दुखावल्या होत्या.

"लाज न्हाय गं. कटाळा हाय."

चेअरमन वैतागले, "मग नुसती म्हैस काढा!" त्यावर मात्र दोन्हीकडच्या बायका एकदम ओरडल्या, "म्हशी आपोआप दूध देत्यात व्हय?"

शेवटी भाऱ्याची बाई ठेवायची की खुर्चीत निवांत बसलेली काढायची, हे बायकांनी हात वर करून ठरवलं. गयामावशींची बाजू थोड्या मतांनी जिंकली. पेंटरनं त्यांनाच ऑफिसातल्या खुर्चीत बसवून चित्र काढलं. रिकामे हात कुठं ठेवावेत, हेच मावशींना कळेना… मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

सुशीलाबाईंना ते चित्र शेवटपर्यंत आवडलं नाही. पण ठरावात दुरुस्ती त्यांनीच सुचवली… यापुढं चित्र काढण्याआधी दूध घालणाऱ्या बायकांना विचारायचं. सगळ्यांना.

हल्ली बायकांना कमी लेखणाऱ्या जाहिरातींवरच्या बंदीची चर्चा ऐकते, तेव्हा वाटतं, नियम हवाच. त्या पहिल्या चित्रासाठी तर हवाच होता. पण अपमान नेमका कुठं सुरू होतो, हे एकीनं दुसरीच्या वतीनं ठरवणं अवघड…

स्वतः हरल्यावरही दुसरीला विचारायची सोय करून ठेवणाऱ्या सुशीलाबाईंची मी आजही ऋणी आहे.