बोगद्यातली सोबत

वीबके हार्मसेन हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा इलेक्ट्रॉनसारख्या कणांना वेग द्यायचा तर जमिनीखाली दोन कोसांचा गोल बोगदा लागे. त्या बोगद्यात ती आणि टियार्क सायकलींवरून चुंबकं तपासत फिरायची. टियार्क फ्योर बेटावरचा, बोलण्यात चिक्कू. पण खाली उतरला की त्याला कंठ फुटे. वर घराघरांत लोक जेवताहेत आणि खाली आपण दोघंच, याचं त्याला भारी अप्रूप. लग्नाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. घाई कसली, असं तिला वाटायचं.

मग बोगद्यातलं ते यंत्रच बंद झालं. टियार्क आजारी आईसाठी बेटावर परतला आणि फेरीबोटीवर इंजिन सांभाळू लागला. वीबकेला नव्या गटात घेतलं. तिथे रेडिओलहरींऐवजी टेराहर्ट्झ लहरी वापरत. त्या इतक्या आखूड की इलेक्ट्रॉनांना पुढे ढकलायला आगकाडीएवढी नळी पुरे. उद्या हे यंत्र इस्पितळातल्या टेबलावर मावेल, असं गटप्रमुख बाई सांगत. वीबके भिंगाखाली ती नळी जागेवर बसवायची. काम तिला आवडायचंही. फक्त दिवसभर जागचं हलावं लागत नसे, की शेजारी कुणी लागत नसे.

नळीतून गेलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढलेली पहिल्यांदा दिसली, त्या दिवशी सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. तिने टियार्कला फोन केला. रविवारी तो प्रयोगशाळेत आला आणि टोपी हातात घेऊन खोलीभर यंत्र शोधत राहिला.

“कुठंय गं?”

“तुझ्या नाकासमोर.”

तो वाकून बराच वेळ भिंगातून बघत होता. छान झालंय म्हणाला. मग हळूच, “पण आपण दोघं यात मावायचो कसे?”

हसण्यावारी नेता आलं असतं. तिने नेलं नाही. “तू गेल्यापासून मी तोच विचार करतेय,” ती म्हणाली.

टियार्क टोपीची कड चाचपत राहिला. आई आता कुणालाच ओळखत नाही, पण संध्याकाळचा चहा माझ्याच हातून घेते, एवढंच त्याने सांगितलं. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. स्टेशनवर मात्र गाडी लागेपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.

ईस्टरला वीबके बेटावर गेली. म्हातारीने तिला कुणी मावसबहीण समजून जवळ बसवून घेतलं. चार दिवस राहून ती परत कामावर आली. आता प्रत्येक सुट्टी ती तिकडेच काढते, आणि उरलेलं वर्ष सुट्टीची वाट बघण्यात जातं.