पद्मा आणि न सुटणारे क्वार्क

पद्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हृदयविकाराचा झटका, तोही पन्नाशीच्या आत. मनात पहिल्यांदा आलं ते असं, की सुटली बिचारी... आणि लगेच माझा मलाच राग आला.

सोलापुरात आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ती भौतिकशास्त्र. तिचा सगळा जीव जड क्वार्क नावाच्या, प्रोटॉनहूनही मूलभूत अशा कणांमध्ये. दोन जड आणि दोन हलके असे चार क्वार्क एकत्र टिकतील का, की फुटून त्यांच्या दोन जोड्या होतील, हे गणित ती वर्षानुवर्षं करत होती. त्यासाठी परदेशातल्या एका संस्थेनं तिला बोलावलंही होतं. तिनं बॅग भरली, आणि नान्नांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जेवण सोडलं. उभा जन्म यंत्रमागावर काढलेला हा माणूस अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. लेकीशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नसे. पद्मानं बॅग रिकामी केली. मी तिच्यावर भयंकर चिडले, अशानं तू इथंच कुजशील असंही बोलून गेले.

"क्वार्क कधी एकटा सापडत नाही गं," ती म्हणाली. "ओढून बाहेर काढायला जावं, तर त्या ओढण्यातूनच नवी जोडी तयार होते आणि तो पुन्हा अडकतो. मी जाऊन जाऊन कुठं जाणार?"

मला ते मुळीच पटलं नाही. ती मात्र हसून भात कालवायला लागली. भरवताना ती नान्नांना तेलुगूत दिवसभराचं गणित सांगायची. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसणार, पण ती थांबली की त्यांचं तोंडही मिटायचं.

ती गेल्यावर नान्नांना भरवू बघून शेजारणी थकल्या, ठेवलेली बाई थकली, शेवटी नाकातून नळी घालावी लागली. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले आणि सहज चमचा पुढं केला. नान्ना माझ्याकडे बघत राहिले.

"चेप्पम्मा," ते पुटपुटले. सांग गं.

मला काय येतंय त्यातलं... आठवलं तेवढं मराठीतच बोलले. दोन जड, दोन हलके, टिकतील बहुतेक. त्यांनी तोंड उघडलं.

आता नळी निघालीय. कॉलेज सुटलं की मी तिथंच असते. निवृत्तीनंतर लेकीकडे पुण्याला राहायला जायचं माझं ठरलं होतं. काल तिला फोनवर सांगितलं, एवढ्यात जमायचं नाही. ती चिडली, का म्हणून विचारत राहिली. मी म्हटलं, ठेवते बाई, भात गार होतोय.