मामाचं मागणं

पिकलेल्या चिकूंचा वास आला, की मी अजूनही खिशात मंगळसूत्र चाचपतो.

२०१६ साली तलासरीत भाचीचं लग्न होतं आणि तिचं मंगळसूत्र मी कासा गावी माझ्या घरीच विसरलो होतो. ते घेऊन परत निघालो, तर शेअर जीप हायवेवर बंद पडली. मुहूर्त जवळ आलेला, आणि माझी सगळी कथा एव्हाना जीपभर सांगून झालेली. ड्रायव्हर सलीमभाई बॉनेट उघडून वर बघत काहीतरी पुटपुटले. मांडीवर चिकूंची टोपली घेतलेल्या पारशी आंटींनी डोळे मिटले. मिशनच्या सिस्टरनी गळ्यातला क्रूस धरला. मी महालक्ष्मीला हात जोडले.

जीप खोकली आणि सुरू झाली!

"कोणाच्या देवानं ऐकलं म्हणायचं?" मी विचारलं.

"मी तर एवढंच म्हटलं, पोरीचं लग्न वेळेवर लागू दे," सलीमभाई म्हणाले.

"मीही तेच," सिस्टर हसल्या.

"माझं बी सेम, डिकरा! आणि तू काय मागितलं?" आंटींनी विचारलं.

भाचीला कधी न पाहिलेली ही तिघं तिच्यासाठी मागत होती. आणि तिच्या सख्ख्या मामानं मागितलं होतं, "आई, ताईच्या तावडीतून मला वाचव!"

जीपभर हसू उसळलं.

लग्न वेळेवर लागलं. तिघंही पंगतीत जेवली. माझा कान मात्र ताईनं भर मांडवात पिळला.