सुरमईच्या गळाला गिटारची तार

"वैनी, ही गिटार रडाक लागली, की माका नाचाक वाजवूक कोण बोलवचो नाय."

मुंबईत आमच्या शेजारी राहणारे पास्कूभावजी त्यांची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आली त्या दिवशी हसत म्हणाले होते. तसंच झालं. वर्षानुवर्षं हॉटेलांत लोकांना नाचवायला त्यांनी दुसऱ्यांच्या धून वाजवल्या. स्वतःची अशी ही एकच रेकॉर्ड. संथ, दुखरा ब्लूज, त्याला रॉकचा ठेका. ऐकताना हातातलं काम राहून जातं. तेच ते हॉटेलातही वाजवू लागले. "गिऱ्हाइकं उठून जातात," म्हणत हॉटेलवाल्याने त्यांना काढलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. ते मालवणला परतले. यंदा मी ठरवलं, त्यांना परत आणायचंच.

मुंबईहून रेल्वेने कोल्हापूर गाठा, तिथून सकाळची एस.टी. धरा आणि पुढची जागा मिळवा. आंबोलीचा घाट मागे बसून उतरलात तर पोटात काही राहणार नाही. घाटमाथ्यावर गरम भजी मिळतात, शाल हाताशी असू द्या. कुडाळपुढे लाल धुरळा. मालवणात उतरले तेव्हा माझं पांढरं पातळ विटकरी झालं होतं. खाणावळीत स्वस्तात बांगड्याची आमटी-भात जेवले आणि किनारा गाठला.

होडीच्या सावलीत भावजी गळ बांधत होते. गळाच्या वर वीतभर चकचकीत तार.

"ही गिटारची?"

"होय तर. सुरमय दोरी चावान तोडता. ही तुटणा नाय."

"आणि गिटार?"

"खुंटयेक टांगलली आसा," मासळीची पाटी घेऊन आलेली त्यांची बहीण रोझी म्हणाली. "रडक्या गाण्यांनी कोणाचा प्वाट भरला गो बाय?"

"तुज्या पोटाक रेकॉर्डपण पुरूची नाय," भावजी म्हणाले.

दोघं हसली. माझं डोकं फिरलं. "मुंबईला चला!"

"कित्याक? परत तेच नाच वाजवूक? माका जा काय सांगूचा होता, ता त्या रेकॉर्डीत सांगून झाला, वैनी."

त्या हॉटेलवाल्याचा राग आहेच. नाचलो पण ऐकलं नाही, त्या आम्हा सगळ्यांचाही. पण सर्वांत जास्त राग आला तो भावजींच्या शांतपणाचा. संध्याकाळी रोझीने त्याच तारेवरची सुरमई तळून वाढली. ती इतकी चवदार होती की मी आणखीच चिडले.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. ज्याच्या हातून हे आलं, त्याचं सांगून झालं? मला नाही पटत.

भावजी, नव्या तारांचं पार्सल पाठवलंय. तुम्ही नाहीच म्हणाल, तरी मागते: बाकीच्या सुरमईला द्या, एक तेवढी गिटारला लावा.