माझे कर्वेनगरचे रसिक

माझा पहिलावहिला अल्बम प्रकाशित झाला आणि दोन आठवड्यांत इंटरनेटवरून हाकलला गेला, आणि तो निव्वळ आमच्या सासूबाईंच्या मायेमुळे हाकलला गेला.

मी कर्वेनगरात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवते. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे ज्यातलं गाणं लवकर सुरू होत नाही, सुरू झालं की लवकर संपत नाही, आणि ठेक्यावर मान डोलवायला जावं तर मानच चुकते. तीन वर्षं बेडरूमच्या भिंतींना गाद्या टेकवून मी गिटार, बेस, कीबोर्ड आणि गायन असं सगळं एकटीने रेकॉर्ड केलं. (त्या तीन वर्षांत आमच्याकडे आलेले पाहुणे चटईवर झोपले.) ड्रम्स तेवढे खडकीच्या एका मित्राने वाजवून पाठवले. अल्बमचं नाव ‘मधला मजला’. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये एका माणसाला विश्वाचं कोडं उलगडतं, अशी त्याची गोष्ट. शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं आहे. जगात कुणीतरी एकाने, फक्त एकाने, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

अल्बम गाण्यांच्या ॲप्सवर आला आणि मी सारखा फोन बघायला लागले. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

“काय गं, कुणाचं काही बरंवाईट झालंय का?”

“नाही हो आई. माझा अल्बम कुणी ऐकतच नाहीये.”

“कुणीच नाही?”

“मी, तो ड्रमवाला आणि पेरू देशातला कुणीतरी.”

“पेरूत आपलं कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग त्याच्यावर का अशी वेळ आली?”

माझे डोळे भरून आले. ते पाहून त्यांनी माझ्यापुढे लाडवांचा डबा सरकवला. (आमच्या घरी सांत्वन असंच करतात.) मग चिरंजीवांकडे वळल्या. माझा नवरा मंदार कॉम्प्युटरवाला, त्यामुळे अशा प्रश्नांना तोच.

“मंदार, गाणं ऐकलं असं ते कधी धरतात? अख्खं व्हावं लागतं?”

“छे, अर्धं मिनिट वाजलं तरी मोजतात.”

“आणि आवाज मोठा लागतो का?”

“पार शून्यावर असला तरी चालतं गं. त्यांना काय कळतंय.”

माझ्या नवऱ्याला विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर द्यायची सवय आहे. एरवी त्या सवयीचा कुणाला त्रास होत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात आकडा असा काही चढला, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. हजारो! मी हवेत गेले. सकाळचा चहा मंदारने करावा असं मला वाटू लागलं, कारण कलावंताची सकाळ मोकळी हवी. आरशासमोर मी दोन मुलाखतीही दिल्या. ऐकणारे कोण, कुठले, हे कळायची सोय असते, त्यात पाहिलं तर सगळेच्या सगळे कर्वेनगरातले. तेही ऐन दुपारी ऐकणारे! दर्दी लोक, म्हटलं, शांत वेळ निवडून ऐकतात. शिवाय जो तो पाऊण मिनिट ऐकून गाणं परत पहिल्यापासून लावत होता. सुरुवातच एवढी भिडते की पुढे जाववत नाही, असा मी त्याचा अर्थ काढला. क्लासमध्ये प्रमेय शिकवता शिकवता मी मुलांना सांगितलं, की कलावंताला त्याचं गाव उशिरा का होईना ओळखतं. त्यावर मागच्या बाकावरून, “मॅम, हे परीक्षेला आहे का?” असा प्रश्न आला.

आणि मग तो ई-मेल आला. ज्या कंपनीमार्फत माझा अल्बम सगळ्या ॲप्सवर गेला होता, तिचाच. मी तो वाचत स्वयंपाकघरात गेले. सासूबाई अळूच्या पानांना बेसन लावत होत्या.

“आई, त्यांनी अल्बम काढून टाकला. म्हणे ही माणसं नाहीत, आकडा फुगवायला यंत्रं लावली आहेत.”

बेसनाचा हात थांबला. “यंत्रं कुणाला म्हणाले मेले?”

“माझ्या श्रोत्यांना.”

“लिमयेबाई यंत्र आहे? एक गुडघा सोडला तर सगळं स्वतःचं आहे तिचं.”

लिमयेबाई सासूबाईंच्या हास्यक्लबात आहेत. सासूबाई त्या क्लबाच्या अध्यक्ष. रोज सकाळी बागेत त्यांनी शिट्टी वाजवली की सगळ्या बायका हसतात आणि दुसरी वाजवली की थांबतात. अशी शिस्तीची फौज हाताशी असल्यावर पुढचं अवघड नव्हतं. दुपारी जेवणं आटोपली की प्रत्येकीने आपला फोन, यजमानांचा फोन, नातवंडांचा टॅब, असेल नसेल ते घेऊन बसायचं आणि ‘मधला मजला’ लावायचा. कुणी भाज्या निवडताना, कुणी मालिका बघताना, मध्येमध्ये बोटाने परत पहिल्यापासून.

“आवाज बंद ठेवून बरं का,” सासूबाई म्हणाल्या. “कुणाला त्रास नको.”

“म्हणजे... एकीनेही ऐकलं नाही?”

“ऐका असं कुठे म्हणाली होतीस तू? आकडा दिसत नाही म्हणून रडत होतीस.”

“अहो आई, तीन वर्षं राबले मी त्याच्यासाठी!”

“म्हणूनच ना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुझं तोंड बघवत नव्हतं मला.”

मला खूप राग आला होता आणि त्यांच्या गळ्यातही पडावंसं वाटत होतं. शेवटी मी मुकाट्याने अळूची पानं पुसायला घेतली.

सासूबाई मात्र पेटल्या. आपण माणसं आहोत हे त्या कंपनीला दाखवायचंच, आणि तेही व्हिडिओ काढून. यंत्राला हसता येतं का? नाही ना? मग दुसऱ्या दिवशी अख्खा हास्यक्लब आमच्या हॉलमध्ये हजर. सगळ्यांच्या एकसारख्या जांभळ्या साड्या. मंदारने फोन धरला, सासूबाईंनी शिट्टी वाजवली. एका क्षणी सगळ्यांचे हात वर, एका सुरात हो हो हा हा, दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांची तोंडं खटकन बंद. इतकी हुबेहूब यंत्रं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. मंदारला मी हळूच म्हटलं, हे पाठवू नकोस. पण तोवर त्याच्या आईने “पाठव” म्हटलं होतं.

एवढ्या बायका आयत्या जमल्यात तर निदान एकदा ऐका, अशी मी गळ घातली आणि शेवटचं गाणं मोठ्याने लावलं.

“शब्द कधी येतात गं?” लिमयेबाईंनी विचारलं.

“सातव्या मिनिटाला.”

“मग तोवर मी कोथिंबीर घेऊन येते.”

दुसऱ्या एकीने मांडीवर मात्रा मोजल्या, सात भरल्या म्हणून “रूपक ताल आहे बाई हा” असं जाहीर केलं, आणि पुढच्याच आवर्तनाला मात्रा बदलल्यावर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच गाणं बंद केलं.

चार दिवसांनी कंपनीने अल्बम परत चढवला. व्हिडिओचा उल्लेखही केला नाही. (बहुधा घाबरले असावेत.) मी हास्यक्लबाला हात जोडून विनंती केली, की यापुढे कृपया माझी गाणी कुणी लावू नयेत. ही विनंती सगळ्यांनी एका शब्दाने न कुरकुरता मान्य केली. आकडा घसरत घसरत जमिनीला लागला.

पण महिन्याभराने पाहते तर कर्वेनगरातलं कुणीतरी रोज संध्याकाळी शेवटचं गाणं ऐकत होतं. एकदाच, आणि पूर्ण. अठराच्या अठरा मिनिटं! त्या संध्याकाळी क्लास लवकर सोडून मी घरी आले, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सासूबाई मंदारचे इअरफोन घालून एकट्याच फेऱ्या मारत होत्या. मी खांबाआड थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी इअरफोन काढले तशी पुढे झाले.

“आई, रोज पूर्ण ऐकता तुम्ही?”

“डॉक्टरांनी वीसेक मिनिटं चालायला सांगितलंय. सारखं घड्याळात कोण बघणार? बाकीची गाणी लगेच संपतात.”

“पण आवडतं ना?”

त्यांनी बराच विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही आणि मला दुखवणंही नको होतं.

“संपलं की फार बरं वाटतं,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी अल्बमच्या पानावर ‘रसिकांचा अभिप्राय’ म्हणून मोठ्या अक्षरांत टाकलं आहे.