मामांच्या कोऱ्या पुस्तकाची किंमत

माझे मामा अकोल्याला असतात. उभा जन्म त्यांनी वकिली केली, पण विचारलं तर सांगतात की वकिली पोटासाठी होती, खरा नाद जुनी पुस्तकं जमवण्याचा. मामी म्हणते, दोन्हीत धूळ सारखीच. मामी वरूडची, संत्र्याच्या बागेतली. तिच्या माहेरी छापील कागदाचा उपयोग पेटीत फळांखाली अंथरायला होत असे. लग्न होऊन आल्यावर दिवाणखान्याची अख्खी भिंत काचेच्या कपाटांनी अडवलेली पाहून तिने विचारलं होतं, की यातली वाचायची कोणती.

प्रश्न तसा बरोबरच होता. मामा पुस्तकं वाचत नसत, बाळगत असत. हाताचा घाम लागतो, पान मुडपतं, शिवण सैल होते, अशी न वाचण्याची कारणं त्यांच्याकडे तयार असत. आम्ही भाचरं सुट्टीत जायचो तेव्हा आम्हाला कपाटाच्या काचेवर नाक टेकवून नावं वाचायची परवानगी होती. नंतर काच पुसायची जबाबदारीही आमचीच.

त्या कपाटात वरच्या फळीवर, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. इंग्रजांच्या अमदानीत बाळापूरच्या कोर्टात न्यायाधीश असलेल्या कुण्या मुन्सफाने ते लिहिलं होतं. एकदाच छापलं गेलं, त्यावेळीही कुणी विचारलं नाही, आणि आता त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्यात, असं मामा सांगत. त्यातही मामांची प्रत विशेष होती. जुन्या काळी छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवत आणि पुष्कळदा कडा न कापताच पुस्तक विकत. ज्याला वाचायचं त्याने चाकू घेऊन एकेक घडी उघडत पुढे जायचं. मामांच्या प्रतीतली एकही घडी कुणी उघडलेली नव्हती. म्हणजे ते पुस्तक छापल्यापासून एकाही माणसाने वाचलं नव्हतं, आणि हीच त्याची थोरवी होती. पाहुणे आले की मामा ते काढत, दोन बोटांनी घडी थोडी फुगवत आणि कानाचा डॉक्टर कानात बघतो तसं आत डोकावायला लावत. आत दिसायचा अंधार आणि दोन-चार अक्षरं. पाहुणे वा म्हणायचे. न म्हणून करतात काय, चहा अजून यायचा असे.

पुस्तक होतं स्वयंपाकाचं.

मी अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या स्टाफरूमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका सकाळी तिथे गुलाबाची फुलं, गुडघेदुखीवरचा हळदीचा उपाय आणि कुणाच्या तरी पुतणीच्या पदवीचा फोटो यांच्यामध्ये एक ई-बुक येऊन पडलं. दुर्मीळ वऱ्हाडी पाककृती, फुकट, सगळ्यांना पाठवा. मी उघडलं तर मामांच्या कपाटातला मुन्सफ. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या एका तरुण प्राध्यापकाने त्याला सापडलेल्या प्रतीची पानं मोबाईलने टिपून जोडली होती. मी ते मामांना पाठवून दिलं. वाटलं, त्यांना आनंद होईल. खरं तर तसं वाटलं नव्हतं, पण काय होतं ते बघायचं होतं.

फोन लगेच आला. मामांचा आवाज घरफोडी झाल्यासारखा होता.

"हे कोणी केलं?" मामा म्हणाले. "मले त्याचा पत्ता दे. नोटीस काढतो."

मी म्हटलं की नोटीस कशाची काढणार, लेखकाला जाऊन इतका काळ लोटला की त्याच्या नातवंडांचेही हार घातलेले फोटो भिंतीवर असतील. पुस्तक आता सगळ्यांचं. हे मामांना कायद्याने ठाऊक होतं, म्हणूनच जास्त लागलं. मग ते बराच वेळ हिशेब न लागणाऱ्या गोष्टी बोलत राहिले. जे कुणालाच वाचता येत नव्हतं ते आता पोट्ट्यायच्या मोबाईलवर फिरून राहिलं, मग आपल्या कपाटातल्या वस्तूला कोण विचारणार? शेवटी म्हणाले, बातमी पसरायच्या आधी विकून टाकायला पाहिजे. जणू काही ई-बुक अजून त्यांच्या आणि माझ्याच फोनमध्ये होतं.

अमरावतीत माझ्या ओळखीचे एक निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर आहेत. आईचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता. त्यांनाही जुन्या मराठी पुस्तकांचा नाद, फक्त ते वाचतातही. मी त्यांना विचारायला गेले तर म्हणाले, मामांचं घाबरणं निम्मं बरोबर आहे. जी पुस्तकं वाचायला दुसरीकडे मिळत नव्हती म्हणून लोक दाम मोजून घेत, त्यांचा भाव आता पडला. त्यांच्याच घरात तशा पुस्तकांची एक खोली भरलेली होती. संदर्भाचे जाडजूड खंड होते, तिप्पट भावाने घेतलेले, आणि आता रद्दीवालाही वजन जास्त आहे म्हणून तोंड वाकडं करत होता. पण मामांच्या प्रतीचं तसं नव्हतं.

"ज्यांना वाचायचं होतं त्यांनी फोनवर वाचून घेतलं," डॉक्टर म्हणाले. "आता उरले फक्त मिरवणारे. आणि मिरवणारा कधीही जास्त पैसे देतो."

शिवाय गेल्या महिन्यापर्यंत या मुन्सफाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, आणि ई-बुक आल्यापासून तिघांनी तरी त्यांच्याकडे मूळ प्रतीची चौकशी केली होती. घड्या न उघडलेली प्रत आहे हे ऐकून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. येत्या रविवारीच बघायला जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात मामीने फोन करून ई-बुक स्वतःच्या फोनवर मागून घेतलं. माहेरून संत्र्यांची पेटी आली होती, आणि ज्या पुस्तकापायी घरात एवढा तमाशा चालू आहे त्यातलं एखादं तरी पाहुण्यांसाठी करून बघावं, असं तिच्या मनात आलं होतं. इतकी वर्षं त्या फडक्यावरची धूळ झटकली, आत काय आहे ते आता कळतंय, असंही म्हणाली. मी तिला फाईल पाठवली आणि विसरून गेले.

रविवारी आम्ही डॉक्टरांच्या गाडीने निघालो. ते स्वतः चालवत होते, भिंगासारखा चष्मा लावून, आणि समोरून ट्रक आला की मला विचारत होते की तो आपल्याच बाजूने येतोय का. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि दोन कप प्यायले.

मामांनी जय्यत तयारी केली होती. टीपॉयवर धुतलेलं टेबलक्लॉथ, त्यावर मलमलचं फडकं, आणि शेजारी औषधाच्या दुकानातून आणलेले रबरी हातमोजे. डॉक्टरांनी ते इतक्या सवयीने चढवले की मला वाटलं आता भूल देतील. मामा बोलत होते. पुस्तक मिळालं कसं, किती जणांनी मागितलं, आपण कसं हात लावू दिला नाही. डॉक्टर घड्या तपासत होते आणि प्रत्येक घडीला समाधानाने हुंकार देत होते. स्वयंपाकघरातून संत्र्याच्या सालीचा आणि साखरेचा वास येत होता. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मामांनी एकदा माझ्याकडे बघून मान डोलावली.

तेवढ्यात मामी बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चाकू. कपाळावर घाम.

"तुमचं थे पुस्तक द्या जरा," ती म्हणाली.

मामांना वाटलं ती गंमत करतेय. ते म्हणाले, आत्ता नाही, डॉक्टरसाहेब बघताहेत. मामीने फोन त्यांच्यापुढे धरला. मीही वाकून पाहिलं. संत्र्याच्या सालीच्या वड्यांची कृती होती. साली कशा उकळाव्या, कडूपणा कसा काढावा, साखर किती, सगळं नीट दिलं होतं. पानाच्या शेवटी लिहिलं होतं, की पाक दोनतारी होताच साली त्यात टाकाव्या आणि क्षणाचाही विलंब न लावता. पुढचं पान सरकवलं तर त्यावर प्राध्यापकाचा अंगठा. साखरपुड्याच्या अंगठीच्या बोटासकट अर्धा पंजाच पानभर पसरला होता, आणि उरलेलं सगळं धुरकट.

"याच्यात अंगठा आला मधात," मामी म्हणाली. "साली पाकात टाकून झाल्या."

मामा म्हणाले, तू तुझ्या अंदाजाने कर. मामी म्हणाली, अंदाजानेच करायचं असतं तर तुमच्या मुन्सफाले काहून विचारलं असतं. मग तिने डॉक्टरांच्या मोजे घातलेल्या हातातून पुस्तक काढून घेतलं, पानाचा आकडा पाहिला, घडीत चाकू घातला आणि सर्रकन ओढला. कागद इतका वाळलेला होता की पापड मोडल्यासारखा आवाज आला. मामा अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

मामीने मोठ्याने वाचलं, "क्षणाचाही विलंब न लावता जाणत्या बाईस हाक मारावी, व पुढील कृती तिजकडून करून घ्यावी. वड्या उत्तम होतात."

मामीने तेच पुन्हा मनातल्या मनात वाचलं, पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. मग पुस्तक टीपॉयवर ठेवलं, चाकूही तिथेच.

"मुडदा," ती शांतपणे म्हणाली आणि आत गेली.

पहिल्यांदा डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी रबरी हाताने डोळे पुसले. मी मामांकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर मीही फुटले असते. मामा खाली बसले. पुस्तकाकडे बघत राहिले. कापलेली कड वाकडी गेली होती, आणि पानावर मामीच्या बोटाचा साखरेचा ठसा उमटला होता. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की आता काय. डॉक्टरांनी हसू गिळून सांगितलं, की कोरी प्रत म्हणून जे द्यायला आलो होतो ते आता देता येणार नाही, पण जुनी चांगली प्रत म्हणून आनंदाने घेईन. अशा आवाजात, जसं पेशंटला एक डोळा तरी वाचला म्हणून सांगतात.

"नाही द्यायचं," मामा म्हणाले. आणि मग मला, "चाकू दे बरं इकडे."

पुढची घडी त्यांनी स्वतः कापली. आता बाटलंच आहे, तर या माणसाने आणखी काय काय लिहून ठेवलंय ते बघू तरी, असं पुटपुटत. दुपारभर आम्ही तिघं आळीपाळीने घड्या कापत आणि वाचत बसलो. मुन्सफ कधी चुलीपाशी गेलाच नव्हता. वांग्याच्या भरितावर त्याने तीन पानं लिहिली होती, त्यात कुठल्या घरचं चांगलं आणि कुठल्या घरची माणसं चिकट याचाच पाढा, आणि कृतीला शेवटची एक ओळ. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजायचे तर गड्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे, हा त्याचा मुख्य सल्ला. मीठ घरच्या बाईच्या स्वभावानुसार. मामा वाचता वाचता इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मामी पाणी घेऊन आली. तिनेही मग उभ्याउभ्या दोन कृती ऐकल्या आणि मुन्सफाच्या बायकोची कीव केली.

वड्या झाल्या होत्या, पण दगडाच्या. त्या चावण्याच्या नादात डॉक्टरांच्या दाढेची कॅप निघाली. त्यांनी ती रुमालात बांधली आणि परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत मिटल्या तोंडानेच हसत राहिले.

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली, आणि ती ई-बुकच्याच वेगाने पसरली. त्या प्राध्यापकाचा मामांना फोन आला, की अंगठ्याखालच्या पानाचा फोटो मिळेल का. मामांनी कोर्टातल्या आवाजात नकार दिला. ज्याला वाचायचं त्याने अकोल्याला यावं, समोर बसून वाचावं. आणि लोक येऊ लागले. बाळापूरचे एक निवृत्त मास्तर आले. मूर्तिजापूरहून खानावळ चालवणारं एक जोडपं आलं. प्रत्येकाला मामा ते पान स्वतः वाचून दाखवत, थेट मामीच्या सुरात, आणि मुडदा हा शब्दही पदरचा जोडत. मामी आतून चहा पाठवत राहिली. मग एका दुपारी मामा झोपलेले असताना तिने पानाचा फोटो काढला आणि मला धाडला, खाली लिहिलं, टाक तिकडे. मी ग्रुपवर टाकला.

मामा आम्हा दोघींशी काही दिवस बोलले नाहीत. पण लोक यायचे थांबले नाहीत. ज्यांनी फोनवर ते वाक्य वाचलं त्यांना आता मामीने कापलेली ती वाकडी कड बघायची होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारणा केली. कोऱ्या प्रतीला जे देणार होते, त्याहून जास्त द्यायची त्यांची तयारी होती. मामांनी नाही म्हटलं, पण ही बातमी जमेल त्याला सांगितली. मामी म्हणाली, चाकू पण घेता का, विचारा.

त्यानंतर मामांनी कपाट वरून खाली वाचायला घेतलं आहे. इतकी वर्षं काचेआड ठेवलेली पुस्तकं ते एकेक काढून वाचतात आणि मला फोन करून निकाल देतात. बरीचशी भिकार निघाली. परवा मोठं दुर्मीळ म्हणून घेतलेल्या एका नाटकाबद्दल म्हणाले, नायिका पाचही अंक रडते आणि शेवटी सगळे एकदम मरतात, ते मात्र चांगलं केलं. मी विचारलं, मग त्याचं काय करणार. म्हणाले, ठेवतो इथंच, अजून शेजारच्या फळीवर सात-आठ नाटकं आहेत, ती वाचून होऊ दे आधी.